ताऱ्याला शेपूट फुटते तेव्हा

सहा इंची दुर्बीण ध्रुवताऱ्यावर लावली, दीडशे पट मोठं दाखवणारा आयपीस (डोळा लावायचं भिंग) बसवला, आणि टिंबाऐवजी एका बाजूला पिसारा फुटलेला ठिपका दिसला, की मन खट्टू होतं. आरसाच खराब निघाला असं वाटतं. बहुतेक वेळा आरसा उत्तम असतो. बसलेला मात्र किंचित तिरका असतो.

न्यूटनने 1668 मध्ये केलेली मांडणी आजही तीच आहे: नळीच्या तळाशी अंतर्वक्र मुख्य आरसा, तोंडाशी 45 अंशांत तिरपा छोटा सपाट आरसा, बाजूला आयपीस. आजचा मुख्य आरसा पॅराबोला आकाराचा असतो. अगदी अक्षावरच्या ताऱ्याचा प्रकाश तो नेमका एकत्र आणतो. अक्ष सोडला की तारा धूमकेतूसारखा लांबतो. या दोषाला कोमा म्हणतात. एफ/8 आरशाला, म्हणजे ज्याचं फोकसपर्यंतचं अंतर व्यासाच्या आठपट आहे अशा आरशाला, निर्दोष प्रतिमेची सुमारे 11 मिलिमीटर रुंद जागा मिळते, तर एफ/5 ला जेमतेम 3. आरसा तिरका असेल तर ही चिमुकली जागा दृश्याच्या मध्यावरून सरकते आणि मधला ताराही बिघडतो. ती परत मध्यावर आणणं म्हणजे कोलिमेशन.

ढोबळ काम दिवसाउजेडी करावं. आयपीसच्या जागी मध्यभागी बारीक भोक असलेलं झाकण लावून आत बघायचं. आधी छोट्या आरशाचे स्क्रू फिरवून मुख्य आरशाचा पूर्ण गोल त्यात मावेल असं करायचं, मग मुख्य आरशाच्या मागचे तीन स्क्रू. नळी मात्र आडवीच ठेवा. उभ्या नळीत पाना निसटला तर थेट आरशावर पडतो.

शेवटचा न्याय ताऱ्याचाच. आरसा बाहेरच्या हवेइतका गार होऊ द्या, तारा मध्यावर घ्या आणि फोकस अगदी थोडा बिघडवा. गाभ्याभोवती चारपाच वलयं दिसतील. ती एका बाजूला दाटलेली असतील, तर मागचा एक स्क्रू पाव फेऱ्याहून कमी फिरवा. तारा सरकेल, दुर्बीण हलवून त्याला पुन्हा मध्यावर आणल्याशिवाय निवाडा करू नका, कारण कडेला कोमा असतोच. बिघाड वाढला तर स्क्रू उलटा फिरवा. तारा त्रिकोणी दिसत असेल तर दोष वेगळा: आरशाच्या पकडी फार आवळल्या गेल्यात, त्या सैल करा.

ध्रुव जवळपास जागचा हलत नाही, म्हणून या कामाला सोयीचा. पण पुण्याहून तो क्षितिजावर जेमतेम 18-19 अंशांवर असतो. खालची हवा थरथरत असेल, तर डोक्यावरचा तारा घ्या आणि तो सरकेल तशी दुर्बीण सरकवत राहा.

वलयं एककेंद्री झाली की फोकस परत जुळवा. रात्र शांत असेल तर तिथे इवलीशी चकती आणि तिच्याभोवती एक नाजूक कडं दिसतं. ध्रुवावरच असाल तर त्याच्यापासून 18 विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) नीट बघा: विल्यम हर्शेलला 1779 मध्ये सापडलेला त्याचा मंद जोडीदार तिथे आहे. मघाशी तो ध्रुवाच्या पसरलेल्या उजेडात हरवला होता.