जुन्या कोटाला नवा काठ : कोकणातल्या एका सवयीची पार्श्वभूमी

कोकणात कोट थंडीसाठी आलाच नाही. जानेवारीतल्या चार-दोन पहाटा सोडल्या तर किनाऱ्यावर लोकरी कापड अंगावर सोसवत नाही. तरी वेंगुर्ल्यापासून रेवदंड्यापर्यंत कुठल्याही जुन्या घराचा माळा धुंडाळा, पत्र्याच्या ट्रंकेत एक तरी कोट निघतोच. काळा, नाहीतर काळा होता असं ज्याच्याकडे बघून म्हणावं लागतं असा. हा कोट अंग झाकायला नव्हता, चारचौघांत दिसायला होता. आणि वस्तू दिसण्यासाठीच असली की ती जुनी दिसायला लागल्यावर तिच्यावर काहीतरी लावावंसं वाटणं ओघानेच आलं. हल्ली कॉलरला पैठणीचा काठ, बाहीवर कशिदा, साध्या बटणांच्या जागी करवंटीची बटणं असे कोट लग्नांतून दिसतात आणि लोक त्याला नवी फॅशन म्हणतात. फॅशन असेल, पण खटपट जुनी आहे.

शब्दांपासून सुरुवात करू. कोटाला लावायची सगळ्यात साधी शोभेची वस्तू म्हणजे फीत, आणि ‘फीत’ हा शब्द पोर्तुगीज ‘फिता’वरून आलेला. बटण अडकवायचं ‘काज’ही त्यांचंच. मूळ शब्द ‘काझा’, म्हणजे घर. बटणाचं घर! शिंपी दिवसाला चाळीस घरं बांधतो आणि त्याला पत्ता नसतो. वसई १७३९ मध्ये आणि चौल-रेवदंडा १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज गेले, शब्द मात्र आपल्या शिवणाच्या डब्यात राहिले. त्याआधी आपल्या अंगरख्याला आणि बाराबंदीला बटणं नव्हती, बंद होते. बंद जुना झाला की नवा लावायचा, हौस असली तर वेगळ्या रंगाचा, टोकाला गोंडा असलेला. म्हणजे बांधायची जागा तीच सजवायची जागा, ही समज कोट येण्याच्या आधीपासून होती.

कोट आला तो बराचसा पलटणीतून. रत्नागिरी जिल्हा ही मुंबईच्या लष्कराची मोठी भरतीची जागा. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीच्या काळात दापोलीला छावणी होती. आजही जुनी माणसं ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. पेन्शनीत निघालेले सुभेदार-जमादार याच भागात येऊन राहत. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी निवृत्त झाल्यावर दापोलीलाच आले होते. त्या लष्करी कोटांची एक गंमत आहे. अंग लाल, पण कॉलर आणि बाहीचं तोंड वेगळ्या रंगाच्या कापडाचं, आणि त्या रंगावरून पलटण ओळखायची. छातीवरच्या आडव्या वेणीदार फितींची पद्धत हंगेरीच्या घोडेस्वारांकडून युरोपभर पसरलेली. थोडक्यात, कोटाचं सगळं अंग न बदलता फक्त गळा आणि मनगट बदललं तरी माणूस बदलल्यासारखा दिसतो, हे लष्कराच्या शिंप्यांना पुरतं ठाऊक होतं. जुना कोट नवा करायच्या आजच्या बहुतेक युक्त्या या दोन जागांवरच चालतात.

दुसरी वाट मुंबईची. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिली गिरणी काढली आणि पुढच्या शंभर वर्षांत कोकणातल्या घराघरातला एक माणूस गिरणगावात गेला. मनीऑर्डर महिन्याला यायची, चाकरमानी स्वतः गणपतीला आणि शिमग्याला. भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसताना अंगावर कोट असायचा, खाली धोतर, पायात वहाणा. अल्पाक्याचा, म्हणजे हलक्या तकतकीत लोकरी कापडाचा, कोट ही मास्तर-कारकुनांची खूण, जाडाभरडा कोट बाकीच्यांचा. पुष्कळदा तो दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलाही असे. साहेबाचा, शेठचा, नाहीतर जुन्या बाजारातला. मापात नसलेला कोट गावच्या शिंप्याकडे जाई आणि तिथे त्याचं बारसं होई : खांदे आत, बाह्या वर, आणि आधीच्या मालकाची ओळख पुसायला निदान बटणं तरी दुसरी. बोहारीण दारात आली की जुनी लुगडी भांड्यांवर जात, कोट मात्र तिच्या गाठोड्यात पडल्याचं आमच्याकडे कुणाला आठवत नाही. साडी बायकांची, तिचा हिशेब भांड्यात. कोट बाप्यांचा, त्याला हात कुणी लावायचा?

मग कोट ट्रंकेत जाई आणि तिथे त्याचा खरा शत्रू भेटे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आषाढात भिंतीला ओल, कपड्यांना बुरशी, लोकरीला कसर, म्हणजे कापड खाणारा किडा. डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचा पाला, वाळ्याच्या काड्या, सगळं करून झालं तरी गौरी-गणपतीच्या आधी ट्रंक उघडली की छातीवर ज्वारीच्या दाण्याएवढी दोन भोकं असतातच. इथे माझं म्हणणं स्पष्ट सांगते. या किनाऱ्यावर कोटावरची शोभा हौसेतून निघालेली नाही, ती भोकातून निघाली आहे. भोकावर फूल, घासलेल्या कोपरावर ठिगळ, चुरगळून विरलेल्या बाहीच्या तोंडाला फीत, तेलकट झालेल्या कॉलरला मखमल. नक्षी कुठे काढायची हे कसरीने ठरवलेलं असायचं.

शिंप्यांचा याहून मोठा उपाय म्हणजे कोट उलटणे. सगळी शिवण उसवायची, कापडाची रंग न उडालेली आतली बाजू बाहेर घ्यायची आणि पुन्हा शिवायचं. काम जिकिरीचं. छातीचा खिसा डावीकडून उजवीकडे जातो आणि जाणकार माणूस एका नजरेत ओळखतो. ते लपवायला त्या खिशावरच काहीतरी लावत : रुमालाची घडी, बिल्ला, रेशमी पट्टी. १८५१ मध्ये सिंगरने शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, पुढे आपल्याकडे १९३० च्या दशकात कलकत्त्याला ‘उषा’ निघाली. मशीन आलं तरी हे उलटण्याचं काम अर्धंअधिक हातानेच राहिलं.

दुसऱ्या महायुद्धाने ही काटकसर जगभर केली. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं, ते १९४९ पर्यंत चाललं. नव्या कपड्यांना किती बटणं, किती खिसे यावरसुद्धा सरकारी बंधनं आली. पुरुषांच्या पँटीची दुमड बंद झाली. १९४३ मध्ये तिथल्या सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका काढून बायकांना जुने कपडे जोडा, बदला, नटवा असं शिकवलं. आपल्याकडेही १९४३ मध्येच सुती कापडावर सरकारी नियंत्रण आलं. तेव्हा कोकणातल्या बायकांना पुस्तिकेची गरज पडली नसती. लुगड्यांच्या चिंध्यांवर धावदोरा घालून वाकळ शिवणारीला ‘फेकू नका’ हे सांगायची गरज कसली!

पण इथे थांबून एक बोचरी गोष्ट सांगायला हवी, कारण जुन्या कपड्यांचं कौतुक करणारे लेख ती सहसा गाळतात. उतरलेला कपडा सगळ्यांसाठी सारखा नव्हता. प्रेतावरचं कापड हा महारांचा वतनी ‘हक्क’ मानला जायचा. वरच्यांनी टाकलेलं नेसायचं हा नियम होता, आवड नव्हती. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत बदला, हलक्या धातूंचे दागिने टाका असं सांगितलं, ते याच कोकणात. त्यांचा स्वतःचा कडक इस्तरीचा सूट पुढे पुतळ्यापुतळ्यावर आला. ज्या घरात अख्खा, नवा, मापाचा कोट हीच मिळकत होती तिथे ‘जुन्या कोटाला ठिगळ लावा, छान दिसतं’ हे वाक्य आजही जपूनच बोलावं.

दक्षिणेकडे, सिंधुदुर्गात, नटव्या कोटाचं मूळ आणखी एका ठिकाणी सापडतं, ते दशावतार या लोकनाट्यात. कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की मोचेमाडकर, वालावलकर, पारसेकर अशा कंपन्या गावोगाव फिरतात. राजाचं मखमली जाकीट, त्यावर जर, टिकल्या, लेस. यात भरजरी म्हणावं असं फार थोडं असतं. बाजारातली टिकली, गोटा, जुन्या शालूचा काठ, आणि तो टाचायला रात्रभर बसलेला नट. जाकीट तेच, या वर्षी खांद्यावर नवी झालर, पुढच्या वर्षी गळ्याला. एकदा पहाटे नाटक संपल्यावर रंगपटाशी उभी होते. देवळाच्या दिव्यात जे सोनं वाटत होतं ते उजाडल्यावर प्लास्टिकच्या चकत्या आणि मागच्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी होतं. फसवणूक म्हणून मी हे सांगत नाही. टिकली ही दिव्याची वस्तू आहे, उन्हाची नव्हे, हे त्या पहाटे कळलं. कोटावर टिकल्या लावणाऱ्यांनी आधी तो दिवसा घालायचा की रात्री, हे ठरवावं. रत्नागिरीकडे शिमग्याच्या सोंगांत तर कुणाचाही जुना कोट उलटासुलटा चढवला जातो, त्याला रंगीत कागद, दोरे, काय वाट्टेल ते. ते सजवणं म्हणायचं की कोटाची थट्टा, मला अजून कळलेलं नाही. आणि सावंतवाडी! लाकडी खेळण्यांसाठी सगळे ओळखतात, पण तिथे वाळ्याच्या पंख्यांवर जर आणि भुंग्याचे हिरवे चमकते पंख टाचायचं कामही होत असे. गवताच्या मुळांवर जर शोभते, तर विरलेल्या लोकरीवर का नाही?

बाहेरच्या जगातलं एकच उदाहरण देते, कारण ते आपल्याला जवळचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये हेन्री क्रॉफ्ट नावाच्या अनाथाश्रमात वाढलेल्या झाडूवाल्याने आपला सूट शिंपल्याच्या बटणांनी भरून टाकला आणि तसाच धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करत फिरला. रस्त्यावर भाजी-फळं विकणारे आधीच पँटीच्या शिवणीवर बटणांच्या ओळी लावत; त्याने कापड दिसेनासं केलं. त्यातून ‘पर्ली’, म्हणजे शिंपल्याच्या बटणांनी मढलेल्या, राजा-राणीची प्रथा सुरू झाली, ती अजून चालू आहे. एक झाडूवाला, एक सुई, आणि शिंपल्याची बटणं. शिंपल्यांचा ढीग रोज परसात टाकणाऱ्या आपल्या किनाऱ्याला हे सुचलं नाही याची मला थोडी खंत आहे.

आता किनाऱ्यावर काय टिकतं ते. खऱ्या जरीत चांदी असते आणि चांदी इथल्या दमट हवेत काळवंडते, म्हणून आजीच्या शालूचा काठ लावायचा तर तो मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावा लागतो. स्वस्त धातूची बटणं दोन पावसाळ्यांत गंजाचा डाग कोटावर सोडतात आणि तो डाग जात नाही. गोंदाने चिकटवलेले आरसे आणि खडे भाद्रपदात गळतात, टाचलेले राहतात. करवंटीची आणि शिंपल्याची बटणं मात्र इथल्याच मातीपाण्याची, त्यांना काही होत नाही. रेशमी दोऱ्याचा कशिदा सुती दोऱ्यापेक्षा उठून दिसतो, पण रंग पक्का आहे की नाही ते आधी ओल्या फडक्यावर घासून बघावं. माझ्या एका कॉलरचं गुलाबी पाणी असंच सदऱ्यावर उतरलंय.

आमच्या घरचा कोट आजोबांचा. मुंबईच्या गिरणीत होते, १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि त्या वर्षी ते गावी आले ते कायमचे. कोट त्यानंतर त्यांनी दोनदाच घातला, दोन्ही वेळा लग्नात. गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नासाठी तो मी मालवणच्या बाजारातल्या शिंप्याकडे नेला. दुकान म्हणजे एक मशीन, एक बाकडं, भिंतीला खिळ्यावर टेप. त्यांनी कोट उजेडात धरला, अस्तरातून बोट फिरवलं आणि म्हणाले, “बाय, कोटाक काय एक झाला नाय. बाही तेवडी गेली.” बाहीचं तोंड खरंच विरलं होतं, उजवीकडचं जास्त. त्यांनी ब्लेडने टाके उसवले. आत दुमडलेलं कापड बाहेर आलं, गडद काळं, एका बोटाच्या रुंदीचं. चाळीसेक वर्षं उजेड न पाहिलेलं. बाकीचा कोट त्याच्यापुढे राखाडी दिसायला लागला.

मी आजीच्या हिरव्या लुगड्याचा काठ नेला होता. विरलेला भाग कापून टाका असं म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. ती पट्टी आत मुडपली, वर काठ बसवला, आणि हाताने बारीक टीप घातली. काठ उद्या काढायचा झाला तर खालचं कापड जाग्यावर असावं, म्हणून.