सांडलेल्या तेलाचा मालक कोण?

‘टॉरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज १८ मार्च १९६७ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ सेव्हन स्टोन्सच्या खडकांवर चढले. टाक्यांत सुमारे १,२०,००० टन कच्चे तेल होते. अमेरिकी कायद्याचा आधार घेतला तर मालकांची देणी भरत होती ५० डॉलर. जहाजमालकाने अपघातानंतर जे शिल्लक उरेल त्याच्या किमतीइतकेच द्यायचे, असा तो कायदा. आणि शिल्लक उरली होती एक जीवरक्षक होडी.

पण मुळात मालक शोधायचा कुठे? झेंडा लायबेरियाचा, खलाशी इटलीचे, नोंदणी बर्म्युडातल्या एका नाममात्र कंपनीच्या नावावर. ती कंपनी जहाज भाड्याने देई कॅलिफोर्नियाच्या युनियन ऑइलला, आणि या फेरीसाठी ते पोटभाड्याने गेले होते बीपी या ब्रिटिश तेलकंपनीकडे. शेवटी त्या बर्म्युडाच्या कंपनीचे दुसरे जहाज सिंगापूरला लागल्याचे कळताच ब्रिटिशांच्या वकिलाने त्यावर चढून जप्तीचा कागद डोलकाठीला डकवला. खलाशांना तो व्हिस्की विकणारा वाटला म्हणून चढू दिले, असे सांगतात. नोव्हेंबर १९६९ मध्ये तडजोड झाली ती ३० लाख पौंडांवर, तीही ब्रिटन आणि फ्रान्स मिळून.

किनाऱ्यावर तोवर भलतेच घडले होते. सरकारने जहाजावर बॉम्ब टाकले, तेल पेटावे म्हणून नापाम हे आग लावणारे रसायनही वापरले, आणि कॉर्नवॉलच्या खडकांवर सुमारे १०,००० टन डिटर्जंट फवारले. ते तेलापेक्षा जहाल निघाले. खडकाला घट्ट चिकटून राहणाऱ्या, शेवाळ खाऊन तो साफ ठेवणाऱ्या शंखगोगलगायी गळून पडल्या आणि खडक हिरवेगार झाले. जिथे फवारणी झाली नाही त्या जागा कितीतरी आधी सावरल्या.

नफा एका नावावर आणि घाण कुणाच्याच नावावर नाही, ही रीत धंद्याइतकीच जुनी. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात टायटसव्हिलजवळ एडविन ड्रेकला ऑगस्ट १८५९ मध्ये सुमारे ७० फुटांवर तेल लागले. जमिनीखाली वाहते तेल नेमके कोणाचे, हा प्रश्न न्यायालयांपुढे आला तेव्हा त्यांनी दाखला घेतला रानातल्या जनावरांचा: कुंपण ओलांडून शेजाऱ्याकडे गेले आणि त्याने धरले, तर ते त्याचे. मग थांबतो कोण? शेजारी उपसण्याआधी आपण उपसायचे म्हणून विहिरीला खेटून विहीर खोदली गेली. पिंपे कमी पडली की तेल ओढ्यात जाई. गिऱ्हाईक होते ते दिव्याच्या रॉकेलला. पेट्रोल म्हणजे गाळून उरलेला त्रास, तो बऱ्याचदा नदीत सोडून देत.

रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलने या गोंधळाला शिस्त लावली, पण स्वतःपुरती. रेल्वेकडून भाड्यात गुपचूप सूट, प्रतिस्पर्ध्यांची कोंडी, आणि १८८२ मध्ये सगळ्या कंपन्यांचे समभाग नऊ विश्वस्तांच्या हाती. कागदावर कंपन्या अनेक, हुकूम एकाचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये तिचे ३४ तुकडे केले, पण तो खटला मक्तेदारीचा होता; नदीचा प्रश्न त्यात नव्हताच. कागदावर वेगळे राहण्याची ही कला मात्र पुढच्यांनी बरोबर उचलली.

टॉरी कॅनियननंतर नियम आले. १९६९च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चूक सिद्ध न होताही नोंदणीकृत जहाजमालकाने भरपाई द्यायची, तीही ठरावीक मर्यादेपर्यंत. १९७१च्या करारातून तेल उतरवून घेणाऱ्यांच्या वर्गणीचा निधी उभा राहिला. ‘नोंदणीकृत मालक’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या मागे उभी असलेली बडी कंपनी त्यातून सुटते. १९७८ मध्ये फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर ‘अमोको काडिझ’ हे तेलवाहू जहाज फुटले आणि सुमारे २,२०,००० टन तेल वाहून गेले, तेव्हा तिथल्या गावांनी ही वाट सोडून थेट शिकागोत, अमोको या मूळ कंपनीच्या दारात दावा लावला. न्यायालयाने १९८४ मध्ये मूळ कंपनीलाच जबाबदार धरले. प्रकरण संपायला अपघातापासून चौदा वर्षे गेली.

अलास्कात १९८९ मध्ये एक्सॉन कंपनीचे ‘एक्सॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर गेल्यावर अमेरिकेने पुढच्याच वर्षी कायदा करून तेलवाहू जहाजांना टप्प्याटप्प्याने दुहेरी तळ-भिंत सक्तीची केली. मला यातली सर्वांत प्रामाणिक सुधारणा हीच वाटते. कारण ती पोलादाची आहे, ती कागदावर फिरवता येत नाही. जहाजांतून मोठ्या गळती १९७०च्या दशकात वर्षाला सरासरी चोवीसेक होत. २०१०च्या दशकात वर्षाला दोनही नाहीत. (एक्सॉनच्या दंडाचे मात्र वेगळे: ज्युरीने ठोठावलेले ५ अब्ज डॉलर २००८ मध्ये सुमारे ५० कोटींवर आले.)

जमिनीवर तसे झाले नाही. नायजेरियात १९५६ मध्ये ओलोइबिरीला तेल सापडले. तेलपट्ट्यात राहणाऱ्या ओगोनी लोकांच्या वतीने बोलणारे लेखक केन सारो-विवा यांना तिथल्या लष्करी राजवटीने १० नोव्हेंबर १९९५ रोजी फाशी दिली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये ओगोनीलँड तपासले, तेव्हा एका वस्तीच्या पिण्याच्या विहिरींत बेंझिन हे कर्करोगकारक रसायन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पट होते आणि भाग सावरायला २५ ते ३० वर्षे लागतील असा अंदाज होता. तेलचोरी आणि घातपाताने पाइपलाइन फुटतात, हे कंपन्यांचे म्हणणे खोटे नाही. पण ते पूर्णही नाही. नायजेरियातली कंपनी वेगळी, आम्ही वेगळे, हा तिथे तेल काढणाऱ्या शेल या बड्या कंपनीचा युक्तिवाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सुरुवातीलाच दावा फेटाळण्याइतका भक्कम मानला नाही. मार्च २०२५ मध्ये शेलने तो जमिनीवरचा व्यवसायच विकून टाकला.

धुराला तर मालक लावणे आणखी अवघड. एक्सॉनच्या शास्त्रज्ञाने १९७७ मध्येच वरिष्ठांना तापमानवाढीची कल्पना दिली होती. पुढे कंपनी जाहीरपणे मात्र शंकाच पेरत राहिली.

आणि पेनसिल्वेनियातल्या त्या जुन्या विहिरी? खोदणाऱ्या कंपन्या केव्हाच बुडाल्या. कित्येक विहिरींचे लोखंडी नळ दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी उपसून नेले, त्यामुळे आता रानात त्या सापडतही नाहीत आणि आतून मिथेन झिरपत राहतो. अशा बेवारस विहिरी शोधून बुजवायला अमेरिकी संसदेने २०२१ मध्ये ४.७ अब्ज डॉलर मंजूर केले, करदात्यांच्या खिशातून.