गहाळ अंकांची मागणी

ग्रंथालयाने वर्गणी भरलेल्या नियतकालिकाचा एखादा अंक वेळेत न आल्यास तो प्रकाशकाकडून किंवा वर्गणी एजंटाकडून मागवण्याची कार्यपद्धती. यासाठी पाठवल्या जाणाऱ्या पत्राला ‘स्मरणपत्र’ म्हणतात. वर्गणी आगाऊ भरलेली असते, शिवाय एक अंक कमी असला तरी खंडाची बांधणी अडते.

या कामाची खरी अडचण न आलेला अंक वेळीच ध्यानात येण्याची आहे. साध्या नोंदवहीत आलेल्या अंकांचीच नोंद होते. चौथा अंक राहिल्याचे पाचवा हाती पडल्यावर कळते. यावर दोन उपाय रूढ झाले. कार्डेक्स ही पत्र्याच्या कपाटातील खणांत एकावर एक सरकवून मांडलेल्या कार्डांची पद्धत मुळात बँका व व्यापारी कचेऱ्यांसाठी निघाली. तिची निर्माती कंपनी 1927 मध्ये रेमिंग्टन रँड या उद्योगात सामील झाली. दुसरी पद्धत ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांची ‘तीन कार्ड’ पद्धत. ती मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात साधारणतः 1930 च्या सुमारास आकाराला आली असावी. 1935 च्या त्यांच्या ग्रंथालय प्रशासनावरील ग्रंथात नियतकालिकांच्या कामाचे तपशीलवार विवेचन आहे. पहिले नोंदणी कार्ड नावाच्या वर्णक्रमाने, दुसरे तपासणी कार्ड अंक येण्याच्या अपेक्षित आठवड्यानुसार आणि तिसरे विषयवार वर्गीकृत क्रमाने लावतात. अंक आला की तपासणी कार्डावर तारीख घालून ते पुढच्या अपेक्षित आठवड्यामागे सरकवायचे. आठवडा उलटल्यावर जी कार्डे जागच्या जागी राहतात, तीच स्मरणपत्रांची यादी. कार्डेक्स आटोपशीर आहे आणि रंगीत खुणांनी उशीर दाखवता येतो, असे तिचे समर्थक म्हणतात. एका नियतकालिकासाठी तीन कार्डे सांभाळणे जिकिरीचे, हा रंगनाथनांच्या पद्धतीवरचा आक्षेपही रास्त आहे. तथापि कार्डेक्समध्ये खण उघडून पाहिल्याखेरीज खूण दिसत नाही. केवळ मागणीपुरता विचार केला, तर तपासणी कार्डच अधिक उपयुक्त ठरते.

बहुतेक प्रकाशक ठरावीक मुदतीत तक्रार आली तरच अंक विनामूल्य बदलून देतात. जहाजी टपालाने येणाऱ्या परदेशी अंकांची ही मुदत वाटेतच सरे. उलट घाईने पाठवलेले स्मरणपत्रही वाया जाते, कारण अंक कधीकधी निघालेलाच नसतो. मराठी मासिकांत जोडअंकांमुळे घोटाळा होतो: दिवाळी अंकावर ‘ऑक्टोबर-नोव्हेंबर’ छापलेले असते, आणि नोंद करणारा नोव्हेंबरचा अंक मागत राहतो. म्हणून पत्र धाडण्यापूर्वी आधीच्या अंकाचे मुखपृष्ठ व अनुक्रमांक पाहावा. मागणीत नियतकालिकाचे नाव, खंड, अंक, वर्गणीदार क्रमांक आणि पावतीचा तपशील द्यावा लागतो.

एजंट मध्ये असल्यास मागणी त्याच्यामार्फत जाते. एजंटच बुडाला तर प्रकाशकापर्यंत पैसे पोचलेलेच नसतात आणि मागणीला आधार उरत नाही. अमेरिकेतील रोकॉम (2003) व नेदरलँड्समधील स्वेट्स (2014) या एजंट कंपन्यांच्या दिवाळखोरीत अनेक ग्रंथालयांवर ही पाळी आली.

कोहासारख्या ग्रंथालयांसाठीच्या संगणक प्रणाली प्रकाशनाच्या ठरावीक अंतरावरून पुढील अंकाची तारीख काढतात आणि उशीर झालेल्यांची यादी देतात. तपासणी कार्डाचेच हे रूप. अनियतकालिकांपुढे मात्र दोन्ही हतबल.

वर्गणीशिवाय येणाऱ्या अंकांचा प्रश्न वेगळा आहे. 1954 च्या ग्रंथ प्रदान अधिनियमाच्या कक्षेत 1956 च्या दुरुस्तीने वृत्तपत्रे व नियतकालिके आली. त्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रत्येक अंक प्रकाशकाने स्वखर्चाने द्यावयाचा असतो. कसूर झाल्यास दंड 50 रुपयांपर्यंत. दंडाची ही रक्कम पाहता तेथेही भिस्त स्मरणपत्रावरच राहते.