क्रॉमर्टी

क्रॉमर्टी : स्कॉटलंडच्या हायलँड विभागातील एक लहान बंदर व वारसास्थळ. लोकसंख्या सातशेच्या आसपास. ब्लॅक आइल या द्वीपकल्पाच्या ईशान्य टोकाला, क्रॉमर्टी खाडीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर ते वसले आहे. ‘आइल’ म्हणजे बेट असले तरी ब्लॅक आइल हे बेट नव्हे. पश्चिमेकडे ते मुख्य भूमीला जोडलेले आहे. इन्व्हर्नेसहून रस्त्याने अंतर सुमारे ३७ किमी. आहे. १९८२ मध्ये केसॉक येथील पूल खुला झाला, तोवर हा प्रवास तरीने किंवा मोठ्या वळशाने करावा लागे. गावापर्यंत रेल्वे कधीच पोचली नाही. डिंगवॉलशी जोडणाऱ्या लोहमार्गाचे काम सुरू झाले होते, ते पहिल्या महायुद्धामुळे थांबले आणि पुन्हा हाती घेतले गेले नाही. अठराव्या शतकातील वस्ती येथे इतकी अखंड राहिली, त्याचे एक कारण बहुधा हेच असावे.

नाव : क्रॉमर्टी या नावाची व्युत्पत्ती अजून निर्विवाद नाही. तेराव्या शतकातील कागदपत्रांत ‘क्रुम्बाथिन’ असे रूप आढळते; ‘र्ड’ किंवा ‘र्टी’ असलेली रूपे त्यानंतरची आहेत. हायलँडची पारंपरिक भाषा असलेल्या गेलिकमध्ये आज गावाला ‘क्रोम्बा’ म्हणतात. पहिला घटक ‘क्रोम’ म्हणजे वाकडा, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो दुसऱ्या घटकाचा. लोकप्रिय मार्गदर्शिका ‘बाग’ म्हणजे उपसागर हा शब्द धरून ‘वाकडा उपसागर’ असा अर्थ देतात. दुसरे मत ‘आर्ड’ म्हणजे उंचवटा किंवा भूशिर या शब्दाकडे झुकते. पहिल्या मताला दोन अडचणी आहेत. जुन्या गेलिकमध्ये ‘क्रोम’ या विशेषणाच्या अंतीच ‘ब’ होता, त्यामुळे नावातला ‘ब’ उपसागराचाच असला पाहिजे असे नाही. शिवाय ‘बाग’ हा शब्द गेलिकमध्ये बाहेरून आलेला मानला जातो. दुसऱ्या मताला उत्तरकालीन रूपे अनुकूल आहेत, पण सर्वांत जुन्या रूपात ‘र’ नाही. तेव्हा हा ‘र’ मागाहून, भूशिराच्या शब्दाशी सांगड घालून शिरला असावा आणि मूळ नाव केवळ ‘वाकडी जागा’ अशा अर्थाचे असावे, ही मांडणी प्रस्तुत नोंदीत अधिक ग्राह्य मानली आहे. किनारा येथे खरोखरच आकड्यासारखा वळतो.

या जुन्या रूपांमुळे एक वाङ्मयीन प्रश्नही उभा राहतो. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील अँड्रू ऑफ विंटन याच्या पद्यबखरीत मॅकबेथला स्वप्नात तीन स्त्रिया दिसतात. त्यांतील पहिली त्याला क्रॉमर्टीचा ठाणेदार (‘थेन’, म्हणजे राजाचा सरदार), दुसरी मरी या प्रांताचा ठाणेदार आणि तिसरी राजा म्हणते. शेक्सपिअरच्या नाटकात ग्लामिस आणि कॉडॉर ही नावे आहेत, क्रॉमर्टी नाही. एवढ्या आधारावर अकराव्या शतकातील मॅकबेथचा या गावाशी प्रत्यक्ष संबंध जोडणे धाडसाचे ठरेल. विंटनच्या काळी ही परंपरा प्रचलित होती, इतकेच यावरून म्हणता येते.

खाडीच्या मुखाशी समोरासमोर उभ्या असलेल्या दोन कड्यांना उत्तर सूटर आणि दक्षिण सूटर म्हणतात. ‘सूटर’ हा स्कॉट्स भाषेत जोडे शिवणाऱ्याचा वाचक शब्द आहे. दोन राक्षस मोची या कड्यांवर बसत आणि हत्यारांचा एकच संच खाडीवरून एकमेकांकडे फेकत, अशी कथा सांगतात.

इतिहास : मध्ययुगात क्रॉमर्टी हे राजसनदप्राप्त नगर होते, सनदेचे नेमके वर्ष मात्र निश्चित सांगता येत नाही. जुने नगर समुद्राने गिळले, ही स्मृती गावात पिढ्यान्‌पिढ्या होती. २०१२ च्या अखेरच्या वादळांत गावाच्या पूर्वेचा किनारा ढासळला, तेव्हा जुन्या वस्तीचे अवशेष उघडे पडले आणि पुढील काही वर्षे गावकऱ्यांच्या सहभागाने तेथे उत्खनन झाले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात नगराचा राजसनदेचा दर्जा गेला.

जहागीर दीर्घकाळ अर्कहार्ट घराण्याकडे होती. त्यातील सर टॉमस अर्कहार्ट (१६११–सु. १६६०) याने फ्रेंच लेखक राबले याचे इंग्रजी भाषांतर केले, त्याचा पहिला भाग १६५३ मध्ये निघाला. १६५१ च्या वुस्टरच्या लढाईत तो राजपक्षाकडून लढून कैद झाला. दुसरा चार्ल्स गादीवर परतल्याची वार्ता ऐकून हसता हसता त्याला मृत्यू आला, ही आख्यायिका सर्वत्र उद्धृत होते, पण तिला समकालीन पुरावा नाही.

पूर्वी क्रॉमर्टी नावाची स्वतंत्र काउंटीही होती. टार्बटचा सर जॉर्ज मॅकेंझी, पुढे क्रॉमर्टीचा पहिला अर्ल, याने सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या रॉसमधील विखुरलेल्या जमिनी तिला जोडून घेतल्या आणि नकाशावर काउंटीचे ठिकठिकाणी तुकडे दिसू लागले. दक्षिण महाराष्ट्रातील पटवर्धनी संस्थानांचा तुटक मुलूख ज्यांनी जुन्या नकाशांत पाहिला असेल, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही काउंटी रॉसमध्ये विलीन झाली.

आज दिसणारे गाव मुख्यतः जॉर्ज रॉस या जमीनदाराने घडवले. १७७२ मध्ये त्याने जुना किल्ला पाडून त्या जागी क्रॉमर्टी हाउस हा वाडा बांधला. न्यायालयाची इमारत, हेम्पच्या वाखापासून जाडेभरडे कापड व गोण्या विणण्याचा कारखाना आणि आतल्या डोंगराळ भागातून आलेल्या गेलिकभाषी मजुरांसाठी वेगळे प्रार्थनामंदिर ही त्याचीच कामे. हेम्प बाल्टिक समुद्रातून येई आणि कापडाचा बराचसा माल वेस्ट इंडिजच्या मळ्यांकडे जाई. तेथे गुलामांच्या श्रमावर मळे चालत, हे लक्षात घेतल्याशिवाय या देखण्या गावाच्या भरभराटीचा हिशेब पुरा होत नाही. बंदराचा धक्का जॉन स्मीटन या नामांकित अभियंत्याच्या आराखड्यानुसार १७८० च्या दशकात बांधला गेला.

१८३० आणि १८४० च्या दशकांत कॅनडाकडे निघालेल्या अनेक जहाजांनी येथून नांगर उचलला. जमिनीवरून उठवलेली हायलँडमधील कुटुंबे त्यांत होती. १८३१ मध्ये ‘क्लिओपात्रा’ हे जहाज निघतानाचे, गावचाच लेखक ह्यू मिलर याने लिहिलेले वर्णन किनाऱ्यावरील स्मारकशिळेवर कोरले आहे. पुढील काळात हेरिंग मासेमारी ओसरली आणि गाव मागे पडले. दोन्ही महायुद्धांत खाडी आरमाराचा तळ होती. ३० डिसेंबर १९१५ रोजी ‘नेटाल’ या क्रूझरवर आतून स्फोट होऊन ती येथेच बुडाली. मृतांचा आकडा ३९० ते ४२१ असा वेगवेगळा दिला जातो. त्या दिवशी जहाजावर मेजवानीला आलेल्या स्त्रिया व मुले धरली की नाही, यावर हा फरक बराचसा अवलंबून आहे.

ह्यू मिलर आणि मत्स्यस्तर : गावाची कीर्ती ज्याच्यामुळे झाली तो ह्यू मिलर (१८०२–५६) येथील चर्च स्ट्रीटवरील गवताने शाकारलेल्या घरात जन्मला. हे घर त्याच्या पणजोबाने बांधले. जुन्या मार्गदर्शिका बांधकामाचे वर्ष १७११ देतात. अलीकडे १६९८ चा सुमार मानतात. वडील जहाजमालक होते. मिलर पाच वर्षांचा असताना ते समुद्रात बुडाले. मिलर पाथरवटाच्या हाताखाली उमेदवारीला लागला आणि खाणीत दगड फोडताना त्याला दगडच वाचता येऊ लागला. त्यानंतर तो गावातील बँकेत हिशेबनीस झाला आणि १८४० मध्ये एडिंबरोला ‘द विटनेस’ या पत्राचा संपादक म्हणून गेला.

गावाच्या पूर्वेच्या किनाऱ्यावर १८३० च्या सुमारास त्याला चुनखडीचे गोलसर गोळे सापडले. ते फोडले की आत माशाचे सांगाडे निघत. त्यांतील एक प्राणी अगदीच अनोखा होता : अंगावर कासवासारखे हाडांचे कवच, दोन बाजूंना पंखांसारखे दोन सांधेयुक्त अवयव आणि मागे खवल्यांची शेपटी. हा मासा, कासव की खेकड्याच्या जातीचा जीव, असा संभ्रम होता. नमुन्यांची माहिती लूई अॅगासी या स्विस मत्स्यशास्त्रज्ञापर्यंत पोचवण्यात जॉन ग्रँट माल्कमसन या डॉक्टरचा मोठा वाटा होता. मराठी वाचकांनी हे नाव विशेष लक्षात ठेवावे. माल्कमसन मद्रास इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत होता, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये दडलेल्या गोड्या पाण्यातील शंखांचे जीवाश्म हिंगणघाट परिसरापासून निर्मळच्या डोंगरांपर्यंत नोंदवणाऱ्या पहिल्या अभ्यासकांपैकी तो एक. वर्ध्याकाठच्या शंखांवर निबंध वाचणारा माणूस त्याच सुमारास क्रॉमर्टीच्या माशांसाठी धडपडत होता. १८४४ मध्ये हिंदुस्थानातच त्याचे निधन झाले.

अॅगासीने या प्राण्याला ‘टेरिक्थिस’ म्हणजे पंखधारी मासा हे नाव देऊन जातिनामात मिलरचे नाव घातले. ते वंशनाम आधीच वापरात असल्यामुळे पुढे ‘टेरिक्थिओडीस मिलेरी’ असा बदल झाला. आता त्याची गणना कवचधारी आद्य माशांच्या अँटिआर्क गटात होते. त्याचे ‘पंख’ म्हणजे कवचबद्ध अंसपर (छातीजवळचे पर) असून तळाशी टेकण्यासाठी किंवा चिखलात रुतण्यासाठी ते उपयोगी पडत असावेत. उपयोगाबद्दल एकमत नाही. थरांचे वय मध्य डेव्होनियन, म्हणजे सुमारे ३८ ते ३९ कोटी वर्षे. मिलरचे ‘जुना तांबडा वालुकाश्म’ या खडकावरील पुस्तक १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. सजीवांचा क्रमविकास त्याने मान्य केला नाही, तरी त्याची निरीक्षणे आणि चित्रे आजही विश्वसनीय ठरतात.

गावाच्या दक्षिणेस ईथी येथे त्याला अमोनाइट या सर्पिल शंखाच्या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म मिळाले. त्या खडकाला तो ‘लायस’ (जुरासिकचा खालचा भाग) म्हणे. तो प्रत्यक्षात त्याहून बराच उत्तरकालीन, जुरासिकच्या वरच्या भागातील किमरिजियन थर आहे. येथील किनारा पट्टीने आखल्यासारखा सरळ दिसतो, कारण ग्रेट ग्लेन हा मोठा प्रस्तरभंग त्याला लागून जातो. कोट्यवधी वर्षांनी विलग असलेले डेव्होनियन आणि जुरासिक खडक एकाच फेरफटक्यात पाहता येतात ते यामुळेच. ओहोटीची वेळ पाहूनच किनाऱ्यावर उतरावे. किनारा संरक्षित असल्यामुळे हातोडा चालवण्याची मुभा नाही. सुटे दगड न्याहाळणेच इष्ट.

पाहण्यासारखे : मिलरचे जन्मघर आणि शेजारचे, त्याच्या वडिलांनी बांधलेले घर नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड संग्रहालय म्हणून चालवतो, हिवाळ्यात ते बंद असते. जुन्या न्यायालयात गावाचे संग्रहालय आहे. ईस्ट चर्चमध्ये जमीनदार, विद्यार्थी आणि गरीब यांचे वेगवेगळे सज्जे टिकून आहेत. समाजाची उतरंड लाकडात अशी स्पष्ट कोरलेली क्वचितच पाहायला मिळते. टेकडीवरील सेंट रेग्युलस दफनभूमीत मिलरने आपल्या तान्ह्या मुलीसाठी घडवलेला थडग्याचा दगड आहे. छिन्नीने त्याने केलेले ते शेवटचे काम मानतात. संग्रहालयांना एकच तास देता येत असेल, तर त्यातली दहा मिनिटे या दगडासाठी राखावीत.

किनाऱ्यालगतच्या कोळीवाड्यात, फिशरटाउनमध्ये, घरे समुद्राकडे भिंतीची बाजू करून उभी आहेत आणि मधून अरुंद बोळ जातात. येथील कोळ्यांची स्वतंत्र बोली होती. ‘ह’ गाळणे किंवा नको तेथे लावणे आणि एकवचनी संबोधनाची जुनी रूपे जपणे ही तिची वैशिष्ट्ये. तिचा अखेरचा भाषक २०१२ मध्ये वारला. त्याआधी गोळा केलेला शब्दसंग्रह आणि ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत.

दीपगृह १८४६ मध्ये अॅलन स्टीव्हन्सन याच्या आराखड्यानुसार बांधले गेले. त्याच्या घडणीत इजिप्शियन शैलीची छाप दिसते. दिवा २००६ मध्ये बंद झाला. इमारतीत ॲबरडीन विद्यापीठाचे संशोधन केंद्र असून मरी खाडीतील बॉटलनोज डॉल्फिनांचा अभ्यास तेथून होतो. कायम वास्तव्य असलेल्या बॉटलनोज डॉल्फिनांचा हा जगातील सर्वांत उत्तरेकडील समूहांपैकी एक; संख्या सुमारे दोनशे. पाठीवरच्या पराच्या कडेवरील खाचांवरून एकेक प्राणी ओळखतात. गावातून होडीने ते पाहायला जाता येते. किनाऱ्यावरून पाहायचे तर फोर्ट्रोजजवळचे चॅनन्री पॉइंट अधिक सोयीचे. भरती चढू लागली की डॉल्फिन तेथे अगदी जवळ येतात.

पायी फिरण्यासाठी ‘हंड्रेड स्टेप्स’ ही वाट दक्षिण सूटरवर चढते. वर महायुद्धकालीन तोफखान्यांचे अवशेष आहेत आणि खाली खाडीत नांगरलेल्या, समुद्रातील तेल काढणाऱ्या मंचांचे महाकाय सांगाडे दिसतात. २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये खासगी जमिनीवरूनही जबाबदारीने चालण्याचा हक्क दिला आहे. फाटके जशी असतील तशी ठेवावीत आणि मेंढ्यांच्या विणीच्या हंगामात कुत्रे बांधून न्यावे, एवढी अपेक्षा असते. पलीकडे निग येथे जाणारी लहान तर फक्त उन्हाळ्यात आणि तीही खंडित स्वरूपात चालत आली आहे. निगच्या जुन्या चर्चमध्ये पिक्ट या स्कॉटलंडमधील प्राचीन लोकांच्या शिल्पकलेतील आठव्या शतकाच्या अखेरचा मानला जाणारा क्रूसशिलापट आहे.

हवा निवळ असली की खाडीच्या वायव्येस फायरिश टेकडीच्या माथ्यावर कमानींचे एक स्मारक दिसते. बक्सारच्या लढाईत (१७६४) इंग्रजी सैन्याचे नेतृत्व केलेल्या सर हेक्टर मन्रोने ते १७८२ मध्ये उभारले. आदल्या वर्षी डचांकडून त्याने नागपट्टणम घेतले होते. हा घाट तेथील वेशीचा असल्याचे मानतात.