दही वरच राहतं, आत जातं ते मीठ

रात्रभर दह्यात मुरवलेला चिकनचा जाड तुकडा भाजण्याआधी मधोमध कापून पाहा. काठाला दोन-तीन मिलिमीटरची पांढुरकी कड दिसेल आणि तिच्या आत मांस होतं तसं गुलाबी. हळद-तिखटाचा रंगही तेवढ्यावरच अडलेला. ‘मसाला आतपर्यंत मुरलाय’ असं आपण म्हणतो, तेव्हा खोलवर पोचलेलं असतं ते मुख्यतः मीठ.

मीठ तंतूंमध्ये शिरून मायोसिन नावाचं प्रथिन थोडं विरघळवतं. तंतू फुगतात, पाणी धरून ठेवतात आणि शिजताना रस कमी सुटतो. म्हणून दह्याआधी मीठ मोजा: किलोभर चिकनला 12 ते 15 ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे सपाट दोन-अडीच चहाचे चमचे. तंगडीला हाडापर्यंत चिरा द्या. जिथे चीर, तिथेच दही पोचतं.

आंबटाचं गणित मात्र उलटंही पडतं. कोंबडीच्या मांसाचा पीएच (आंबटपणा मोजणारा आकडा; तो जितका कमी, तितकं आंबट) सहाच्या आसपास असतो. तो 5.2 च्या जवळ आला की प्रथिनांवरचे धन आणि ऋण विद्युतभार एकमेकांना रद्द करतात, तंतू जवळ सरकतात आणि पाणी बाहेर ढकललं जातं. त्याच्याही खाली गेला की तंतू परत फुगतात. दह्याचा पीएच साडेचारच्या आसपास, त्यामुळे ते सावकाश काम करतं. लिंबाचा रस दोन-अडीचचा. तो पृष्ठभागावरची प्रथिनं आचेविनाच ‘शिजवतो’. तीन-चार तास लिंबात ठेवलेलं ब्रेस्ट वरून खडूसारखं भुसभुशीत आणि आतून कोरडं लागतं, ते यामुळेच. लिंबू शेवटच्या अर्ध्या तासात लावा. खरं तर भाजून झाल्यावर पिळलेलं जास्त छान लागतं.

मग दही कशाला? मसाला चिकटवून ठेवायला आणि रंगासाठी. दह्यातली साखर आणि प्रथिनं तापल्यावर खमंग तांबूस होतात, पण त्यासाठी पृष्ठभाग साधारण 140 अंशांच्या वर जायला हवा. पातळ दही लावलं तर त्यातलं पाणी आटेपर्यंत तापमान शंभराच्या आसपासच घुटमळतं आणि तवाभर पाणी सुटून चिकन उकडतं. किलोला पाव किलो दही तासभर फडक्यात टांगा आणि तो चक्का वापरा. फ्रिजमध्ये चार ते आठ तास पुरेत. आल्यातही प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, म्हणून आल्याचं वाटण सढळ असेल तर वेळ कमी ठेवा. कच्ची पपई त्याहून जहाल: किलोला एक चमचा, तासभर; त्यापुढे लगदा.

गावठी कोंबडीला हा उपाय लागू पडत नाही. तिचा चिवटपणा वयासोबत घट्ट झालेल्या कोलॅजेनचा, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचा, आणि त्याचं मऊ जिलेटिन व्हायला मंद आच आणि वेळच लागतो, नाहीतर कुकर. दह्यात दोन दिवस ठेवूनही ती मऊ होत नाही.

नाशिकला आंबटाचा आणखी एक मोह होतो: द्राक्षबागेत विरळणीत खाली पडणारे हिरवे मणी. त्यांत टार्टारिक आणि मॅलिक आम्ल भरपूर, चवही झकास. पण त्या घडांवर औषधांच्या फवारण्या आणि जिबरेलिक आम्लाच्या (मणी वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या) बुडवण्या झालेल्या असतात, तेव्हा ते मणी बागेतच राहू द्या. फवारणी न केलेल्या दारच्या वेलाचे असतील तर त्यांचा रस लिंबासारखाच, शेवटी वापरा.

एप्रिलात इथला पारा चाळिशीला टेकतो. अशा दिवसांत दही लावलेलं चिकन ओट्यावर ठेवू नका. दह्याच्या आंबटपणाने साल्मोनेला मरत नाही. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, कारण ॲल्युमिनियम आणि कल्हई नसलेलं पितळ आंबटाशी कळकतं. भाजताना तुकड्याच्या जाड भागात 74 अंश यायला हवेत. भांड्यात उरलेला मसाला ग्रेव्हीत घालायचा असेल, तर चमचाभर बेसन कालवून मंद आचेवर सतत ढवळत उकळी येऊ द्या. बेसन नसेल, तर दही फाटून दाणेदार होईल.