थंडीतले वासरू आणि रात्रीचे तिसरे दूध

डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या पट्ट्यात पहाटेचा पारा १० अंशांखाली उतरतो. मोठ्या गाईला त्याचा फारसा त्रास होत नाही. तिच्या पोटात चारा आंबत असतो आणि त्याची ऊब तिला मिळत राहते. नवजात वासराचे कोठीपोट, म्हणजे चारा आंबवणारा पोटाचा कप्पा, मात्र अजून चालू झालेले नसते. अंगावर चरबी नाममात्र, त्यात जन्मतः ओलेचिंब. तीन आठवड्यांच्या आतल्या वासराला १५ अंशांखाली नुसते अंग गरम ठेवायलाही जादा अन्न जाळावे लागते, आणि ते अन्न म्हणजे फक्त दूध.

पहिले इंधन म्हणजे चीक, गाय व्यायल्यावरचे पहिले दूध. त्यात साध्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट घनपदार्थ असतात. शिवाय गाईची रोगाशी लढणारी प्रतिपिंडे वारेतून (गर्भाला गाईशी जोडणाऱ्या आवरणातून) वासरात उतरत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. आतडे ती शोषून घेते, पण ही क्षमता जन्मल्यापासून तासागणिक घटते आणि २४ तासांत जवळपास संपते. थंडीने गारठलेल्या वासरात हे शोषण आणखी मंदावते. म्हणून ‘वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही’ ही रीत सोडायलाच हवी. वार पडायला आठ-दहा तास सहज लागतात आणि तोवर वासराचा सगळ्यात मोलाचा वेळ निघून जातो. उलट वासरू सडाला लागले की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटते, त्याने गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडायला मदतच होते.

३० किलोच्या संकरित वासराला पहिल्या तासाभरात दीड ते दोन लिटर चीक द्यावा आणि सहा ते आठ तासांनी आणखी दीड लिटर. त्याआधी कोरड्या गोणपाटाने अंग चोळून पुसावे. चीक गार झाला असेल तर भांडे ५० अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवून कोमट करावा. थेट चुलीवर ठेवला की तळाशी खरवस होतो, आणि ६० अंशांच्या वर प्रतिपिंडे बिघडतात.

पुढच्या दिवसांत चूक होते ती हिशोबात. वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ३ लिटर दूध, दोन वेळांत विभागून, असा रिवाज आहे. उबदार हवेत या वासराला नुसते जगायला साधारण २ लिटर लागतात. उरलेल्यावर ते वाढते. पारा ५ अंशांवर आला की जगण्याचाच खर्च पावणेतीन-तीन लिटरवर जातो. वाढीला काहीच उरत नाही, वजन थांबते, आणि मग हगवण किंवा न्यूमोनिया गाठतो. थंडीत दिवसाला साडेचार ते पाच लिटर द्यावे, पण एका वेळी लोटू नये. दोन वेळांतले माप तेच ठेवून रात्री नऊ-दहाला तिसरे दूध सुरू करावे. संध्याकाळची धार आणि सकाळची धार यांमधले बारा तास हेच सगळ्यात थंड असतात आणि नेमके तेव्हाच पोट रिकामे असते.

दूध तोंडाशी ३८ ते ४० अंश हवे. गार दूध पोटात गरम करण्यात फार ऊर्जा जाते असे नाही. खरे नुकसान हे की वासरू ते अर्धवट सोडते. स्टीलची बादली आधी गरम पाण्याने विसळली तर दूध लवकर निवत नाही. दूध पाजल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडे कोमट पाणी ठेवावे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मूठभर काफ स्टार्टर (वासरांचा सुका खुराक) समोर असू द्यावा, कारण कोठीपोट त्यानेच चालू होते.

वासराचे तापमान १०० फॅरनहाइटच्या खाली असेल, तोंडात बोट घातल्यावर आतून गार लागत असेल आणि ते बोट चोखत नसेल, तर बाटली अजिबात लावू नये. गिळण्याची ताकद नसलेल्या वासराचे दूध फुप्फुसात जाते. आधी कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून अंगाशी ठेवाव्यात, पांघरूण घालावे आणि पशुवैद्यकांना बोलवावे. नळीने चीक पोटात सोडण्याचे काम त्यांचे.

खाली कोरड्या पाचटाचा किंवा गव्हाच्या काडाचा इतका जाड थर हवा की बसलेल्या वासराचे पाय त्यात बुडून दिसेनासे होतील. वारा अडवायला गोणपाट वासराच्या उंचीपर्यंतच बांधावेत. गोठा वरपासून बंद केला की मुताचा अमोनिया आत कोंडतो आणि थंडीपासून वाचलेले वासरू खोकू लागते.