छायाचित्रांची मांडणी व चौकट (ग्रामीण विदर्भ)

प्रदर्शनात कोणता फोटो कोणत्या चौकटीत, किती उंचीवर आणि कशाशेजारी लावायचा हे ठरवण्याचे काम. विदर्भातल्या खेड्यांत त्यासाठी वेगळे दालन क्वचितच असते. समाजमंदिर, वाचनालय नाहीतर शाळेच्या वर्गावर भागवावे लागते. म्हणून आधी भिंत पाहायची, मग फोटो.

दारासमोरची भिंत टाळावी, कारण काचेत फोटोऐवजी दारच दिसते. पश्चिमेची भिंत मे महिन्यात तापते, तीही नको. मात्र उन्हापेक्षा कूलर घातक. बाहेर ४५ अंशांची कोरडी हवा आणि आत ओला झोत; त्यात कागद फुगतो, कूलर बंद झाला की आकसतो. काचेला टेकलेला फोटो अशा ओलीत काचेलाच चिकटतो. ओढून काढला तर चित्राचा थर काचेवर राहतो.

काच आणि फोटो यांत अंतर ठेवायला माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला पुठ्ठा, हवे. १२ × १८ इंची फोटोला १८ × २४ ची चौकट घेतली, तर बाजूंना ३, वर पावणेतीन आणि खाली सव्वातीन इंच सोडावे. सारखे सोडले तर फोटो खाली घसरल्यासारखा वाटतो. माउंटची खिडकी चारही बाजूंनी ३ मिमी लहान कापावी, म्हणजे कड दाबली जाते. पुठ्ठा आम्लमुक्त असावा. फोटो वरच्या कडेला कागदाच्या दोन बिजागऱ्यांवरच टांगावा. सगळीकडे गोंद फासला की फुगे येतात, सेलोटेप पिवळी पडते.

चौकटीची पट्टी सागवानाची, साधी, सगळ्यांना एकच. नक्षीची सोनेरी पट्टी देवांच्या तसबिरींना शोभते. हयात माणसाचा एकटा फोटो उंचावर, पुढे कलता लावू नये. गावात तो हार घालायचा फोटो ठरतो.

२० फुटी भिंतीवर अशा ७ आडव्या चौकटी, मध्ये ८ इंच सोडून, नेमक्या बसतात. दोन्ही टोकांना फूटभर उरते. फोटोचा मध्य जमिनीपासून १४५ सेंमीवर धरावा. चौकट ४६ सेंमी उंच आणि तिच्यामागची ताणलेली तार वरच्या कडेखाली ६ सेंमी असेल, तर खिळा १४५ + २३ − ६, म्हणजे १६२ सेंमीवर येतो. शेणाने सारवलेली जमीन सपाट नसते. दर खिळ्याला तिथून मोजले की रांग वाकडी जाते. मिस्त्रीच्या पाणनळीने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, दोन टोके जुळवून सुतळी ताणावी.

मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही, तिथे आढ्याच्या वाशाला आडवी बल्ली बांधून नायलॉन दोरीने चौकटी सोडतात. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे तुकडे लावले की पावसाळ्यातली भिंतीची ओल चौकटीत शिरत नाही.